पाखरांसाठी शिजवलेल्या कण्या

माझं लग्न झालं त्या साली जाऊबाईंनी हट्टानं विहिरीजवळच्या वावरात हरभरा पेरायला लावला. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. "अळी खाऊन टाकते सारं. यंदा हरभरा घरात नाही आला, तर पुढं वावराच्या गोष्टीत तू बोलू नको," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. जाऊबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

पौषात घाटे धरले आणि अळी आलीच. अर्धं अंग घाट्यात खुपसून ती दाणा खाई. आम्ही दोघी हातानं वेचत होतो, पण सरत नव्हती. मग जाऊबाईंनी तुरीच्या वाळल्या काड्या वावरभर रोवल्या आणि त्यांच्या बुडाशी रोज ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या टाकू लागल्या. मला वाटलं, देवाचं काही असेल. विचारायची लाज वाटली.

सासरे म्हणत, "पाखराइले जेवाले घालून राह्यली. लगन आहे काय वावरात?"

मधेच जाऊबाईंना ताप आला. चार दिवस मी एकटीच वावरात जात होते. कण्या टाकल्या की साळुंक्या थव्यानं उतरत. कण्या संपल्या की ह्या हरभऱ्यावर बसतील, असं मला वाटलं. माहेरी, किन्हीराजा गावाकडे, मी लहानपणापासून वावरातल्या उंच माळ्यावर बसून पाखरांपासून ज्वारी राखलेली. विहिरीवर उभी राहून मी गोफण फिरवली. त्या अंगाला एक पाखरू टिकू दिलं नाही.

पाचव्या दिवशी जाऊबाई आल्या. "काहून वं, इकडं पाखरं दिसून नाही राह्यले?"

"एक बी उतरू देलं नाही," मी ऐटीत म्हणाले.

माझ्या हातातली गोफण पाहून त्या हसत वावराच्या कडेला धुऱ्यावर बसल्याच. "अवं, ते आपले सालदार आहेत, बिनपगारी गडी! कण्या खायाले येतात अन् तोंडी लावाले अळी घेतात. तू तं सालदारच हाकलून देले."

पाखरं पुन्हा यायला दोन दिवस लागले. साळुंकी कण्या टिपते, काडीवर बसते, मान वाकडी करून पाहते आणि नेमकी अळीच उचलते, हे मी तेव्हा पाहिलं. चार बुकं शिकलेली मी. जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं, पण पाखराची नजर कुठं जाते ते ठाऊक होतं.

हरभरा चांगला आला. विहिरीकडचे घाटे मात्र पोकळ निघाले. खळ्यावर सासऱ्यांनी मूठभर चुरडून पाहिले. "हा कोपरा काहून असा?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. जाऊबाई वर न बघता म्हणाल्या, "तिकडं कण्या कमी पडल्या माह्या हातानं."

मी पुन्हा पाखडू लागले.

पुढच्या दिवाळीनंतर सासरे चुलीपाशी येऊन जाऊबाईंना म्हणाले, "काय वं, हरभरा कुठं पेरावा म्हणतं?"

"हिले इचारा. पाखराइची राखण हिनंच केली होती," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मी खाली मान घालून म्हणाले, "विहिरीजवळ." सासऱ्यांसमोर माझा तो पहिलाच शब्द.

त्या साली कण्या मी शिजवल्या.