मागवाल्याचा हळू हात

विणकरांच्या वडगावात कानात कापूस घालणारा माणूस आजारी तरी असायचा, नाहीतर नवखा. खरा मागवाला उघड्या कानानं बारा तास खटखटणारा माग चालवायचा आणि वर तोरा मिरवायचा. सिद्रामचा तोरा दुप्पट, कारण दिवसभर माग आणि संध्याकाळी ड्रम. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात त्यानं काठ्या उचलल्या की शहापूरपर्यंत ऐकू जातं, अशी ख्याती होती; ती पसरवणाराही बहुतेक तोच.

ही ख्याती ऐकूनच सत्त्याऐंशी साली टिळकवाडीतल्या एका मास्तरांचा कृष्णात त्याला आपल्या बँडमध्ये न्यायला आला. कृष्णातच्या हाती गोव्याहून एक कॅसेट लागली होती. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांची, पण वाजवणं भलतंच. गाणारा दोन कडवी पुटपुटणार, ड्रम नुसता श्वास घेतल्यासारखा. मग एकाएकी सगळे मिळून छप्पर उडवणार आणि परत गप्प. कृष्णातनं तसलीच चार गाणी मराठीत रचली होती. कॅम्पातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रमही ठरला.

छप्पर उडवायला सिद्रामला कुणी शिकवायला नको होतं. घोडं अडलं ते पुटपुटण्यापाशी. कृष्णात म्हणायचा हळू. सिद्राम आपल्या मते हळूच वाजवायचा. आणि कृष्णातचं कडवं त्याखाली जिवंत गाडलं जायचं. तिसऱ्या तालमीला कृष्णातनं गिटार बाजूला ठेवली. आठवडाभरात जमलं नाही तर दुसरा वाजवणारा बघावा लागेल, म्हणाला. मान खाली घालून बोलल्यामुळं सिद्रामला निम्मंच कळलं, पण नेमकं वाईट निम्मं कळलं.

घरी सुलाबाई, त्याची आई, मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं म्हणे तीन हाका मारल्या. चौथ्या वेळी पाठीत कांडी बसली, तेव्हा सिद्राम वळला. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"तुझ्या बापाचंबी असंच झालतं," ती म्हणाली. "मी वरडायची, आन त्यो म्हणायचा, तूच हळू बोलतीस."

तसं काय न्हाय, असं सिद्रामनं सांगितलं. आपण ते किती मोठ्यांदा सांगितलं, हे त्याला शेजारच्या खिडकीत आलेलं डोकं बघून कळलं.

माग बिघडला तर त्या खटखटाटात कान काही सांगत नाहीत. मागवाला चौकटीवर हात ठेवतो. आडवं सूत नेणारा धोटा कुठं अडखळतोय ते तळहाताला कळतं. सिद्रामनं तेच ड्रमवर केलं. डावा गुडघा ड्रमला टेकवून ठेवला. कंप गुडघ्यात मुंगीएवढा आला की हळू, मांडीपर्यंत चढला की जास्त. आठवड्यानं कृष्णातनं गिटार खाली ठेवली नाही. कान सांभाळला असता तर गुडघा लागला नसता, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

कार्यक्रमाला पहिलं कडवं असं उतरलं की हॉलमधला खोकला ऐकू यावा. अर्थात इतरांना. दुसरं कडवं संपताच कृष्णातनं "हां" म्हणायचं आणि सिद्रामनं तुटून पडायचं, असं ठरलं होतं. तालमीत सगळे गोल बसत, कृष्णातचे ओठ समोर असत. इथं कृष्णातचं तोंड लोकांकडं, पाठ सिद्रामकडं. हां झालं. दुसऱ्यांदा झालं. सिद्राम गुडघ्यातल्या मुंगीवर डोळे लावून तसाच हळू. शेवटी कृष्णात वळला, तेव्हा सिद्रामनं दचकून दोन्ही काठ्या आपटल्या. तोवर गाणं परत गप्प व्हायच्या जागी आलं होतं. हॉल हसला. हसलेला त्याला दिसला.

तो ड्रमच्या झांजा सोडवत असताना कृष्णात मागून काहीतरी बोलला. सिद्राम वळला नाही. मग कृष्णात पुढं येऊन उभा राहिला.

"कधीपासनं?"

"दोन वर्सं. आता बघ दुसरा."

कृष्णातनं दुसरी झांज सोडवायला घेतली. मग म्हणाला, पुढच्या वेळी मी तुझ्याकडं तोंड करून गाईन.

"आन लोकांकडं पाठ?"

"माझं तोंड बघायला कोण येतंय?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "सिद्राम, माझी गाणी तू ऐकलीयस का रं?"

"जोरातली ऐकलीत," सिद्राम म्हणाला.

सोमवारी मागावर उभं राहण्याआधी त्यानं तुटक्या सुताचे दोन बोळे करून कानात कोंबले. गेलेलं परत येणार नव्हतं; उरलेलं किती दिवस पुरेल, तेही माहीत नव्हतं. शेजारच्या मागावरून यल्लाप्पा काहीतरी म्हणाला आणि अख्खी रांग दात काढून हसली. काय म्हणाला ते सिद्रामला ओठांवर अगदी स्वच्छ दिसलं. बोळे तसेच ठेवून त्यानं माग सुरू केला.