कांद्याच्या पापुद्र्यात ची

समजा, तुमच्या हातात एक कांदा आहे. तो उभा चिरायचा, आतली एक मांसल पाकळी सोडवायची आणि मोडायची, पण पुरती नाही. मोडलेल्या कडेला ओल्या काचेसारखा एक पातळ पापुद्रा लोंबत राहतो. तो चिमट्यानं अलगद सोलून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरायचा. घडी पडू द्यायची नाही. वर आयोडीनचा एक थेंब. मग झाकणाची काच तिरकी धरून हळूच खाली सोडायची. धपकन टाकली की बुडबुडा अडकतो आणि पोरं बुडबुड्यालाच पेशी समजून वहीत गोल काढतात. हे सगळं जमलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतील, प्रत्येकीत एक तपकिरी ठिपका. आता कुणी म्हणालं, यात चिनी वैद्यांची ‘ची’ कुठं आहे तेवढी दाखवा, तर तुम्ही बोट कुठं ठेवाल?

नायगावच्या एका ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शकिलाबाईंवर ही वेळ खरोखर आली, आणि तीही त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेली.

शकिलाबाईंचं शिक्षण दहावी. पण कांद्याचा पापुद्रा त्यांच्यासारखा कुणाला निघत नाही, हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मान्य करतात. प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरं मॅडमना सोडून ‘मावशी, माझ्यात काहीच दिसंना’ म्हणत त्यांच्याच मागं लागतात. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरची बरणी काढता येईना. कुणीतरी नांदेडच्या वीरण्णा सरांचं नाव सांगितलं. सर मूळचे देगलूरचे, चिनी पद्धतीनं सुया लावणारे. सहा-सात वेळा गेल्यावर हात वर जायला लागला. सुयांनी गेला, व्यायामानं गेला की दुखण्याचे दिवस भरले म्हणून गेला, हे सांगणं अवघड आहे, असं सर स्वतःच म्हणायचे. त्यामुळंच शकिलाबाईंना ते आवडले.

एकदा सुया लावताना सर सांगत होते, की ची म्हणजे अंगात फिरणारी जीवनशक्ती. तिच्या ठरलेल्या वाटा असतात आणि वाट अडली की दुखणं येतं, असं जुने चिनी वैद्य मानतात. शकिलाबाईंनी पडल्या पडल्या विचारलं, "सर, ही ची पेशीच्या आत ऱ्हाते का भायेर?"

सुया लावायच्या चौदा वर्षांत सरांना हे कुणी विचारलं नव्हतं.

दर रविवारी सरांचा एक वर्ग भरायचा. फिजिओथेरपिस्ट, दोन-तीन वैद्य, एक सिस्टर, असे बारा जण. शकिलाबाईंनी त्यात बसायची परवानगी मागितली. सरांची ना नव्हती, पण वर्गात कुरकुर झाली. भोकरचा सुदर्शन नावाचा फिजिओथेरपिस्ट सरळच बोलला, की दहावी शिकलेल्या बाईनं उद्या गावात सुया टोचायचं दुकान मांडलं तर नाव सगळ्यांचं खराब होईल. शकिलाबाईंनी सांगून टाकलं, की टोचायचं त्यांना नाहीच, समजून घ्यायचंय. शेवटी सरांनी तोड काढली. शकिलाअक्कांनी एका रविवारी पेशी आणि चिनी वैद्यक यांचा मेळ वर्गाला समजावून सांगायचा. वर्गाला पटलं तर खुर्ची, नाही तर नमस्कार.

घरी नवऱ्यानं, पाशामियाँनी, हे ऐकलं. ते गाद्या शिवतात, वीतभर लांब दाभणानं. "मेरे दाभन से गादी बरी होती," ते म्हणाले, "मेरेकू कौन सर्टिफिकेट देता?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉलेजच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या मापाची, कापूस भरलेली एक पिशवी शिवून दिली.

सूक्ष्मदर्शक न्यायची परवानगी जीवशास्त्राच्या ऋतुजा मॅडमनी मिळवली आणि तयारीही त्यांनीच करून घेतली. नांदेड-लातूरकडं पोरं मेडिकलच्या परीक्षेसाठी रात्रंदिवस पर्याय निवडत असतात. मॅडमही त्याच घाण्यातून गेलेल्या. त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ ओढली आणि जोड्या लावल्या. ची म्हणजे एटीपी, पेशीतल्या तंतुकणिका बनवतात ती ऊर्जा. चीच्या वाटा म्हणजे नसा. चिनी वैद्यकातलं यिन म्हणजे निवांत, थंड बाजू आणि यांग म्हणजे उष्ण, धावती बाजू. म्हणजे पेशीच्या आतलं पोटॅशियम आणि बाहेरचं सोडियम. शकिलाबाईंनी आठवडाभर भाकरी थापता थापता घोकलं. एका डावीला एक उजवी. कसं नीटनेटकं.

रविवारी वर्गात पापुद्रा नेहमीसारखा अखंड निघाला. आयोडीन पडलं, काच बसली, बारा जणांनी रांगेनं पाहिलं. मग शकिलाबाईंनी जोड्या सांगायला सुरुवात केली. पहिलीच संपली आणि सुदर्शननं हात वर केला.

"मावशी, आयोडीन घातल्यावर पेशी मरतात ना?"

"मरतात की."

"मग मेलेल्या पेशीत तुम्ही जीवनशक्ती कुठून दाखवून राहिल्या?"

वर्ग हसला. शकिलाबाई पुढच्या जोड्या धडाधड विसरल्या. बावीस वर्षांत हजारो पोरांना त्यांनी पेशी दाखवल्या होत्या आणि इथं तर सगळ्या मेलेल्याच आणून मांडल्या होत्या. आयोडीननं केंद्रकाचा ठिपका उठून दिसतो म्हणून. परीक्षेत तोच विचारतात म्हणून. सूक्ष्मदर्शक पिशवीत घालावा आणि जीप पकडावी, असं त्यांना वाटलं.

पण हात विचार करत नव्हते. हातांनी दुसरी पाकळी उचलली होती, लाल कांद्याची, आणि या वेळी तिच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा सोलला होता. आयोडीनची बाटली त्यांनी बाजूला सारली. नुसतं पाणी घातलं आणि मीठ कुणाकडं आहे का, असं विचारलं. सुदर्शनच्याच डब्यात काकडीसोबत पुडी होती. त्यानं ती जरा नाखुशीनंच दिली.

पहिल्यांदा सर वाकले. पेशी जांभळ्या रसानं काठोकाठ भरलेल्या. शकिलाबाईंनी काचेच्या एका कडेला मिठाचं पाणी सोडलं आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घेतलं. जांभळा रंग भिंती सोडून आकसायला लागला, चिंचोक्यासारखा गोळा झाला. मग त्यांनी साधं पाणी सोडलं. वर्ग आपापल्या खुर्च्या सोडून भोवती गोळा झाला होता. दोन मिनिटं गेली, तीन गेली. आणि सर डोळा न काढता हळूच म्हणाले, "अक्का, परत भरून राहिल्या."

मग रांग कसली, ढकलाढकलीच झाली. सिस्टर दोनदा घुसली. एक वैद्य चष्मा काढू की ठेवू करत तिथंच अडकून बसले.

"ही पेशी जिती हाय," शकिलाबाई म्हणाल्या. "मेलेलीला हे जमत न्हाई. तिच्यात आतबाहेर एकच होऊन जातं. ची मला दाखवता यायची न्हाई, सर. मॅडमनी जोड्या लावून दिल्या, पण त्या बसत न्हाईत असं आत्ता वाटून राहिलं. एटीपी मोजता येतं. ची कुणी मोजली? त्या जुन्या चिनी वैद्यांकडं ही काच नव्हती. त्यांनी अख्खा माणूस बघितला, आपण एक पेशी बघून राहिलो. दोघांनी वळखलं एवढंच, की आत आन भायेर यांचा तोल सांभाळला जातोय तवर जीव हाय. त्याच्या फुडचं मला म्हाईत न्हाई."

वीरण्णा सरांनी फळ्यावरची आपणच काढलेली आकृती पुसली. चीच्या वाटा आणि नसा एकच, असं तेही मागची कित्येक वर्षं त्यावर काढत आले होते. सुदर्शननं पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची आपली बॅग उचलून खाली ठेवली आणि म्हणाला, "बसा मावशी. काकडी खाता का? मीठ तर तुम्ही संपवलं."

सगळे हसले. शकिलाबाईही हसल्या, पण बसल्या नाहीत. त्या पुन्हा भिंगाला डोळा लावून वाकल्या होत्या. काच थोडी सरकवली. मग सुदर्शनला हातानं जवळ बोलावलं आणि त्याच्यासाठी बाजूला झाल्या.

"डाव्या अंगाला बघा. या दोघी शेजारी शेजारी हायत, एकाच भिंतीला टेकून. मीठ तेच, पाणी तेच, येळ बी तेवढाच. ही भरली आन ती आकसलेलीच ऱ्हायली. अशी का?"