भामा नदीचे गाईड

नाना माशांना अहो म्हणायचे. चाकणच्या आमच्या कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबालाही 'काय रं, जेवला का?' असं विचारणारा हा माणूस, पण गळ पाण्यात सोडला की आवाज एकदम मऊ व्हायचा. "या मालक. कणीक सकाळीच मळलीय. घरचीच हाय, संकोच करू नका." मासा काही यायचा नाही. नाना वाईट वाटून घेत नसत. "कामात असतील," म्हणायचे.

नाना इंद्रायणीकाठच्या चिखलीच्या जुन्या गावातले. शेतं जाऊन तिथे सोसायट्या आणि वर्कशॉप आली, तरी त्यांचं बोलणं तसूभर हललं नव्हतं. कंपनीत ते फोर्कलिफ्ट चालवत, तीही बैलगाडीसारखी. वळणावर तोंडाने 'हुर्र' केल्याशिवाय गाडी वळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. मी क्वालिटीत, सुहास स्टोअरमध्ये आणि लातूरकडचा गोविंद असेंब्ली लाइनवर. तिघेही त्यांच्यापेक्षा बरेच लहान, पण जेवणाच्या सुट्टीत चौघांचं टेबल एकच.

एकदा जेवताना सुहास त्याच्या कोकणातल्या राफ्टिंगचे फोटो दाखवत होता. नानांनी एक फोटो मोठा करून पाहिला.

"ह्यो मागं बसलेला कोन?"

"गाईड, नाना."

"काय करतो?"

"ओरडतो. तो सांगेल तसं बाकीच्यांनी करायचं."

नानांनी हातातला घास खाली ठेवला. "आरं, मग हे तर मी जन्मभर करतोय!"

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या गुरुवारी सकाळी आम्ही भामा नदीच्या काठावर उभे होतो. ट्रकच्या चार ट्यूबा, त्यांवर माल ठेवायची प्लास्टिकची पॅलेट आणि सगळ्याला करकचून बांधलेला दोर, ही आमची बोट. नानांच्या गळ्यात शिट्टी. गोविंदने दबकत विचारलं, "नाना, लाइफ जॅकेट?"

"जाकीट कशाला? मी हाय ना." आणि त्यांनी कंपनीचं पिवळं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं.

निघताना त्यांनी हात पसरून सांगितलं, "आता आपन घनदाट जंगलात चाललोय." दोन्ही काठांना बाभळी होत्या, आणि डाव्या बाभळींमागे एका कारखान्याची लांबच लांब शेड. सुहास तिकडे बघून हसला. नानांनी शिट्टी फुंकली. "तिकडं बघू नका. तिकडं कंपनी हाय. जंगल ह्या बाजूला." आम्ही तिघांनी मुकाट्याने माना उजवीकडे वळवल्या आणि बराच वेळ तशाच ठेवल्या.

मग एका डोहात बोट दोराने झाडाला बांधून मासेमारी सुरू झाली. नाना विनवण्या करत होते, मासे कामात होते. गोविंद मात्र गळाकडे बघतच नव्हता.

"नाना, पाणी वाढायलंय."

"वाढनारच. वरून धरनाचं पानी सोडलंय. कालच इथल्या गावात सांगितलं त्यांनी."

"मग आज कशाला आलो आपण?"

"पान्याबिगर राफ्टिंग कसं करनार, येड्या?"

एवढं बोलेपर्यंत झाडाला बांधलेला दोर तुटला. पाणी आता गढूळ आणि जोरात होतं. सुहास 'डावीकडे!' ओरडत होता, नाना नुसती शिट्टी वाजवत होते, आणि बोट आपल्या मनाने फिरत होती. वळणावर बुडालेल्या बाभळीवर ती आपटली. एक ट्यूब फटाक्यासारखी फुटली. मी आणि सुहास पॅलेटला चिकटून राहिलो. गोविंद पाण्यात पडला. पिवळं हेल्मेट एकदा दिसलं, मग दिसेना.

नानांनी शिट्टी तोंडातून काढली आणि उडी मारली.

त्यांनी गोविंदची कॉलर धरली हे मी पाहिलं. मग दोघेही खाली गेले, वर आले, पुन्हा खाली. वाहत वाहत ते वळणापलीकडे निघाले. तिथे काठावर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. मुलीच्या अंगात लालभडक गाऊन, त्याची शेपटी लांबवर गवतावर पसरलेली. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून डोळा न काढता ओरडला, "ओ काका, फ्रेममधून बाजूला व्हा ना जरा!"

मुलीने मात्र सँडल फेकली, गुडघाभर पाण्यात शिरली आणि गाऊनची ती शेपटी गोळा करून नदीत भिरकावली. "काका, धरा!" नानांनी धरली. ती ओढली जाऊ लागली, तशी नवऱ्या मुलाने तिची कंबर पकडली, आणि फोटोग्राफरने एका हाताने त्याचा पट्टा. दुसऱ्या हाताने तो फोटो काढतच होता. अशा त्या साखळीने दोघांना काठावर आणलं.

आम्ही बाभळीच्या फांद्या धरत धरत पोचलो तेव्हा गोविंद पाणी ओकत होता. गाऊनच्या जाळीत एक बोटभर चिलापी मासळी तडफडत होती. नानांनी ती ओंजळीत घेतली. "आलात व्हय मालक! पन आज र्‍हाऊ द्या." त्यांनी तिला परत पाण्यात सोडलं.

अंगावरचे कपडे वाळवत बसलो असताना सुहासने विचारलं, "नाना, तुम्ही हातपाय का मारत नव्हता?"

"पवता येत न्हाई मला."

गोविंद त्यांच्याकडे वळून म्हणाला, "मंग उडी कशाला मारली हो?"

नानांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू हा प्रश्नच त्यांना कळला नव्हता. "आरं, गाईड कोन हाय?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पर घरी बोलू नका. नदीकाठच्या घरातला गडी. गाव हसंल."

गोविंद उठला. नानांचा ओला सदरा त्याने पुन्हा एकदा पिळला, झटकला आणि उन्हात नीट पसरून ठेवला.

आम्ही कुठेच बोललो नाही. नाना निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात झोपेत गेले. इंद्रायणीच्या घाटावर दहावा होता. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. नानांना कधी भेटला असेल की नाही अशा एका पुढाऱ्याने माइक घेतला. मोठा दानशूर, मोठा वारकरी, असं सगळं सांगून झाल्यावर त्याने नदीकडे हात केला. "आणि नाना म्हणजे पट्टीचे पोहणारे! या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा पोहणारा झाला नाही!"

सुहासने माझा हात दाबला. मी मान खाली घातली. हसू येत होतं की रडू, ते मला कळत नव्हतं. एवढ्यात शेजारचा गोविंद ताडकन उभा राहिला. माइक नव्हता, तरी त्याचा आवाज सगळ्या घाटाला ऐकू गेला.

"खरंय साहेब. मला नदीतून त्यांनीच काढलं होतं."