जमनाबाय विचारायची

जमनाबायने कुणा पोराला "जेवलास का", "अभ्यास झाला का" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी पोर येऊन बसलं की ती मान न वळवता विचारायची, "आज पोटात काय हाय?" उत्तर मासळीत द्यायचं. राग असेल तर चिंबोरी, कारण खेकडा आतून नांग्या चालवतो. लाज वाटत असेल तर निवटी, ती चिखलातून डोकं काढते आणि कुणी पाहिलं की सुर्रकन बिळात जाते. भीती म्हणजे टोपलीत तडतड उडणारी जिती कोलंबी. मासळी ठरली की पुढचे प्रश्न.

"बाय, चिंबोरी हाय."

"मोटी का बारकी?"

"मोटी! दादाने माजी पाटी फोडली."

"मग दोन दिस राहील. हात चालव."

बस्स. "रडू नको" नाही, "शहाणी ना तू" नाही. मला तर पहिल्या दिवशी वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

मी तेव्हा आठ वर्षांची. आम्ही साताऱ्याकडचे. एकोणीसशे साठनंतर इकडे विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम निघालं आणि माझे वडील तिथे फिटर म्हणून लागले. तारापूरजवळच्या मच्छीमारांच्या आळीत जमनाबायच्या घराची मागची खोली आम्ही भाड्याने घेतली. आमच्या घरात मासळीला कुणी शिवत नसे. आईने वास येऊ नये म्हणून दाराला गोणपाट लावलं होतं आणि त्या गोणपाटाआड ती दिवसभर बसून असायची.

जमनाबाय पन्नाशीची, विधवा, काळीसावळी, आवाजाला खणखणीत. अक्षरओळख नाही. दोन्ही मुलगे बोटीवर. दिवाळीनंतर बोंबलांचे ढीग यायचे तेव्हा शाळा सुटलेली पोरं तिच्याभोवती बसत. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एवढंच काम. पण त्या कामातच तिची सगळी चौकशी चाले. "तोंडाकडं बगितलं का पोर खोटं बोलतं," ती म्हणायची. "दोगांनी मासळीकडं बगावं." जाळ्यात अनोळखी काही आलं तर ती ते उलटंपालटं करून, डोळे बारीक करून बघायची ना, पोरांचं बोलणं ती अगदी तसंच ऐकायची. मी एकदा विचारलंही, हे तुला कुणी शिकवलं? "कोनी नाय. मला ठाव करून घ्याया आवडतं. पोरांच्या पोटात काय काय असतं, बाय गं!"

आता माझ्या पोटाचं सांगते. रोज सकाळी दप्तर उचललं की माझ्या पोटात कळ यायची. खोटी नाही, खरी. आईने ओवा दिला, हिंग लावला, वडिलांनी पालघरच्या डॉक्टरांकडून गुलाबी औषध आणलं. महिन्याभरात शाळा निम्म्याहून जास्त बुडाली. शेवटी वडील म्हणाले, "हिला हवा मानवत नाही. संक्रांत झाली की मामाकडे धाडू. तिथे शाळा तरी होईल." ते ऐकून मला रात्रभर झोप नाही. मामाकडे जायचंच नव्हतं मला. का नव्हतं, ते मात्र जिभेवर येत नव्हतं.

"घाटावरची, तुज्या पोटात काय हाय?" जमनाबायने एक दिवस मलाही गाठलं.

"मला तुमचे मासे ठाऊक नाहीत."

ती खो खो हसली. टोपलीतून एकेक काढून दाखवू लागली. मी बघत होते, पण माझ्या पोटातलं त्यात काही सापडेना. मग तिनेच ठरवून टाकलं. मी "हो"ला "व्हय" म्हणायची, म्हणून शाळेतली पोरं मला "व्हयबाई" म्हणून चिडवत. "निवटी हाय. लाजते तू," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ओल्या हातानेच शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. "हिला हसाल तर एकेकाला दोरीवर वाळत टाकीन!"

पोरांचं हसणं बंद झालं. माझ्याशी बोलणंही बंद झालं. आणि पोट दुखायचं ते दुखतच राहिलं.

मग जमनाबायने जे केलं ते मी तोवर कुठल्या मोठ्या माणसाला करताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "चुकली मी. निवटी नाय ही. परत बगू." दोन बोंबील अडकवून झाले. "बरं, दुखायचं थांबतं कवा?"

मी विचार केला. "आई भाकरी थापायला बसली की."

"आनी तू शाळेत असतीस तवा आय काय करते?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले, आणि हातातला बोंबील निसटला. त्याच्या मागोमाग तोंडातून सगळंच निसटलं. महिन्यापूर्वी भांडी घासताना आई स्वतःशीच पुटपुटली होती, "जीव नकोसा झालाय या समुद्राच्या काठी." मी ऐकलं होतं. भरतीला पाणी घराच्या मागे वीस पावलांवर यायचं. "मी मामाकडे गेले तर तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

जमनाबायचे हात थांबले. "असली मासळी मी कदी बगितली नाय," ती हळूच म्हणाली. तिने त्याला नावही दिलं नाही. हात धुतले, माझं मनगट धरलं आणि आमच्या दाराचं गोणपाट बाजूला सारलं.

आईने पदर नाकाला लावला.

"पोरी, तुज्या पोटात काय हाय?" जमनाबायने आईलाच विचारलं.

"माझ्या? काय न्हाई. दुखतंय ते हिच्या पोटात."

"तिचं कळलं मला. तुजं सांग."

"पोरगी ऐकतीया."

"ऐकू दे. अर्धंच ऐकलं म्हनून तर दुखतं तिला."

आई बोलायला लागली ती थांबेचना. बोलायला कुणी नाही, वासाने घास उतरत नाही, हे दमून येतात त्यांना काय सांगायचं. मला धीर निघाला नाही. मी मध्येच विचारलं, "आई, तू पाण्यात जाणार आहेस का?"

आईने मला जवळ ओढलं. "अगं माझे आई! न्हाई गं. तसं आपलं म्हणायची रीत असते. मी कशाला मरू? तू हाईस की मला."

"असं नको सांगू," जमनाबाय कडक आवाजात म्हणाली. "तिच्यासाटी जगतेस, म्हनजे परत राखन करत बसायचं तिनं? नीट सांग."

आईने डोळे पुसले. "मला मरायचं न्हाई. मला हितं करमत न्हाई. एवढंच."

"हां. हे झालं."

दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखायचं थांबलं असं लिहिलं तर खोटं होईल. आठ-दहा दिवस ते कुरकुरलं. पण रोज सकाळी जमनाबाय आईला हाक मारून ओट्यावर, वास येऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवायची. आई तांदूळ निवडायची, ही जाळं सांधायची आणि दोघी एकमेकींच्या बोलण्याची नक्कल करत हसायच्या. शाळेला जाताना मी वळणावरून मागे बघायची. मग एके दिवशी बघायची विसरले. संक्रांत येऊन गेली, मामाचा विषय वडिलांनी पुन्हा काढला नाही.

पुढे आम्ही बोईसरला राहायला गेलो. दोनेक वर्षांनी बाजारात आळीतली एक मासळीवाली भेटली आणि तिने जमनाबाय गेल्याचं सांगितलं. आईने घरी येऊन पिशवी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यांदा रडू लागली. वडील कावरेबावरे झाले. माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, पोरीसमोर कशाला? आत जा."

"समोरच रडणार," आई म्हणाली. मग तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. "जमनाबाय गेली गं. मला लई वाईट वाटतंय. आता तुला काय विचारायचं ते विचार."