रॅमचा वेग आणि अप्पांचा आवाज

भालकीच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानाला लागून सुगतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. वर पत्रे, समोर शटर, आत मेल्या-जित्या मशीनींचा ढीग. मूळ गाव तालुक्यातलंच मेहकर. पण पोराच्या दुकानापायी सगळं बिऱ्हाड भालकीत आलं. वडील नागनाथ, आई शोभाबाई आणि हा. घर दुकानाच्या मागंच, मधे नुसतं एक दार.

आता सुगतला कोण विचारतो! अख्खा तालुका ओळखायचा तो नागनाथ अप्पांना. जयंती असो, कुणाचं लग्न असो, कुणाच्या लेकराचं नामकरण असो, अप्पा पेटी घेऊन हजर. गायन पार्टी त्यांचीच आणि गाणीबी त्यांचीच. एक म्हणून गाणं कागदावर नाही, सगळी डोक्यात. लिहून ठेवा म्हटलं की म्हणायचे, गाणं काय वहीत ठेवायची चीज हाय व्हय? आणि पेटीवर बोट टेकवायचे, झालं.

सुगतला गळा नव्हता. त्याला नाद रॅमचा. कॉम्प्युटर काम करताना हाताशी लागणारं सगळं ज्यात मांडून ठेवतो ती पट्टी म्हणजे रॅम, एवढं ह्या गोष्टीपुरतं पुरे. गिऱ्हाईक यायचं, मराठीत, कानडीत नाहीतर दखनीत एकच विचारायचं, किती मेगाहर्ट्झची देतोस? आकडा मोठा दिसला की खूश. सुगत कपाळावर हात मारून घ्यायचा. अरे बाबा, नुसता वेग बघू नको, टायमिंग बघ. मागितलेली चीज द्यायला रॅम किती ठोके थांबते, तो आकडा जेवढा लहान तेवढा चांगला. ठोके भराभर पडायलेत, पण थांबायलाही जास्त ठोके लागायलेत, तर तुझ्या पदरात काय पडलं? गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि मोठ्या आकड्याचीच घेऊन जायचं.

हे पहिल्या झटक्यात कुणाला कळलं असेल तर अप्पांना. दुकानात स्टुलावर बसून ऐकत होते.

"मंजे बघ," ते म्हणाले, "ताल दुप्पट धरला आन उचलायच्या आधी मात्राबी दुप्पट सोडल्या, तर गाणं त्याच वक्ताला सुरू व्हनार की. ऐकणाऱ्याला काय फरक?"

 त्या दिवसापासून सुगत गिऱ्हाइकांना अप्पांचीच उपमा सांगायला लागला, आणि अप्पा गावभर सांगत सुटले की पोरगं माझं गाण्याचंच काम करायलंय, फक्त मशीनवर.

लग्नांचं शूटिंग करणारा भीमराज हा सुगतचा मैतर. तो शूट करायचा, सुगत एडिटिंग करायचा. त्यासाठी सुगतनं जानेवारीत स्वतःचं नवं मशीन बांधलं. रॅम निवडायला किती दिवस घातले विचारू नका. पोरगी बघायला कुणी एवढं हिंडत नाही. शेवटी चांगल्या पट्ट्या मिळाल्या. डब्यावर वेग छत्तीसशे, टायमिंग अठरा. कंपनीनं लिहिलंय तसं लावलं असतं तर जन्मभर कुरकुर झाली नसती. पण नाद तो नाद. जाणते लोक काय करतात, वेग वाढवला तर टायमिंग जरा सैल सोडतात. टायमिंग आवळायचं तर वेग हाय तिथंच ठेवतात. सुगतला दोन्ही पाहिजे. वेग अडतीसशेवर नेला, टायमिंग सोळावर आणलं, वरून वीज थोडी जास्त पाजली. दिवसभर टेस्ट लावून ठेवली. एक चूक निघाली नाही. गडी असा खूश, जसं काय जयंतीला पहिलं बक्षीस मिळालं.

टेस्ट जानेवारीत केली हो. अंगात स्वेटर होतं त्याच्या! आपल्याकडचा मे महिना काय चीज असतो हे ह्याला ठाऊक नव्हतं का? जन्म इथलाच, वाढला इथंच. पण जे आपल्या अंगाला रोज भाजतं त्याचा हिशोब माणूस मशीनसाठी धरत नाही, हे खरं. तापलं की रॅम विसरभोळी होते. आणि इतकी ताणलेली रॅम तर आधीच काठावर उभी असते.

त्या साली जयंतीलाच अप्पांचा आवाज बसला. आधी वाटलं गाऊन गाऊन बसला असेल. हळद-दूध झालं, काढे झाले. शेवटी गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टरनं सुगतला बाजूला घेऊन सांगितलं, गाठ गळ्यातल्या आवाजाच्या पेटीवर आहे, पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल. आवाज वाचणार नाही.

परतीच्या गाडीत सुगतनं ते अप्पांना सांगून टाकलं. बिदरचा फाटा मागं पडल्यावर अप्पाच बोलले.

"आवाज घरात ऱ्हाऊ दे माझा, सुगत. तुझ्या मायला घर सुनं वाटंल."

मोबाइलवर लोकांकडं अप्पांच्या गाण्याचे तुकडे होते, नाही असं नाही. पण त्यात कर्ण्याची शिट्टी आणि ढोलच जास्त. म्हणून भीमराजनं आपला रेकॉर्डर आणि माइक आणून दिले. ऑपरेशनच्या आधी दुकानातच सगळी गाणी घ्यायची ठरली. रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर खाली. घरघर नको म्हणून पंखा बंद. मशीनचे पंखेही सुगतनं मंद करून ठेवले. मे महिन्याची दुपार, वर पत्रा, आत तिघं माणसं. शोभाबाई दारात बसून पदरानं वारा घेत होत्या, तोही आवाज न करता.

अप्पा गायले. चिरकलेल्या गळ्यानं गायले, थांबून, पाणी पिऊन, पुन्हा उचलून गायले. मंगळवेढ्याच्या सोयरिकीत म्हटलेलं, सुगत जन्मला तेव्हा रचलेलं, शोभाबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं असंही एक निघालं. दोन दुपारी लागल्या. शेवटी अप्पांनी पेटीचा भाता बांधला आणि म्हणाले, आता काय बी ऱ्हायलं न्हाई.

रेकॉर्डिंग मोठं झालं होतं आणि मशीनमध्ये लग्नाचं काम ठासून भरलेलं. म्हणून दुसऱ्या दुपारी, अप्पा शेवटची गाणी म्हणत असतानाच, सुगतनं मशीनवर उतरवलेली आदल्या दुपारची गाणी दाबून एका फाइलीत बांधायला लावली होती. शेवटची संपली तशी तीही त्यातच घातली. गाठोडं बांधून झालं, मशीननं कुठंच तक्रार केली नाही. सुगत काही बेफिकीर पोरगा नाही. त्यानं गाठोड्याच्या दोन प्रती केल्या. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर, तो आईच्या ट्रंकेत. मग मशीनमधली सुटी गाणी पुसली, रेकॉर्डरमधलं कार्ड भीमराजला परत दिलं. सराई जोरात होती. भीमराजनं त्याच कार्डावर पुढची लग्नं घेतली.

गाठोडं एकदा सोडून तेवढं बघितलं नाही. सकाळी गुलबर्ग्याची गाडी धरायची होती. बघायचं राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. अप्पा घरी आले, गळ्याला भोक, त्यातून श्वास. बोलायला जायचे आणि नुसती हवा निघायची. हळूहळू खुणांवर आले. पार्टीतली माणसं भेटायला यायची, रडून जायची. अप्पा रडले नाहीत. त्यांना वाटत होतं, आवाज मागच्या खोलीत ठेवलाय.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होणार, तेव्हा अप्पांची गाणी लावू असं पार्टीनं ठरवलं. सुगतनं हार्ड डिस्क लावली, गाठोडं सोडलं. पहिल्याच गाण्याची फाइल जराशी सुटली आणि थांबली. फाइल खराब आहे, म्हणालं मशीन. त्यानं पेन ड्राइव्ह काढला. तिथंही त्याच जागी थांबलं. थांबणारच! दोन्ही प्रती एकाच मोडक्या गाठोड्याच्या. आणि दाबून बांधलेल्याची गंमत अशी, की मधे एक अक्षर चुकलं तर त्याच्या पुढचं सगळं त्या अक्षराला धरून वाहून जातं.

त्यानं दुपारच्या उन्हात, शटर पाडून, पंखे मंद करून तीच टेस्ट परत लावली. थोड्याच वेळात पडद्यावर चुकांच्या लाल ओळीच ओळी. मग वेग आणि टायमिंग कंपनीनं दिलंय तिथं आणलं. एकही ओळ नाही.  नुसत्या आकड्यामागं पळू नका असं दहा जणांना समजावणारा तोच आकड्यामागं पळाला होता, आणि त्यानं कमावलं काय, तर लग्नाचा व्हिडिओ चहा संपायच्या आत तयार व्हायचा. एवढंच.

पौर्णिमा आली, गेली. साफ करायलोय, म्हणून सांगितलं त्यानं. गाण्यातला कचरा काढायलोय. अप्पांना पटलं. ते रोज जेवण झालं की दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. पडद्याकडं बोट दाखवून भुवई उडवायचे, झालं का म्हणून. सुगत मान हलवायचा, अजून न्हाई. अप्पा हातानंच म्हणायचे, घाई न्हाई, सावकाश. हे त्या पोरानं किती दिवस सोसलं कोण जाणे. हैदराबादच्या जाणत्यांना विचारलं, निरनिराळी सॉफ्टवेअरं लावली. भीमराजनं कार्ड खरवडून बघितलं, तर त्यात नवरा-नवरीच नवरा-नवरी. शेवटी हाती लागला तो पहिल्या गाण्याच्या आधीचा तुकडा तेवढा.

एका दुपारी सुगतनं तो लावला. अप्पांचं खाकरणं. मग त्यांचाच आवाज, "चालू हाय का रं?" सुगतचा आवाज, "व्हय अप्पा, म्हणा." पेटीचा सूर लागला, अप्पांनी श्वास घेतला, आणि खरखर सुरू झाली. मग ती खरखरही बंद पडली.

अप्पांनी पुढच्यासाठी कान टवकारले होते. सुगतनं पडदा बंद केला.

"अप्पा, गाणी गेली," तो म्हणाला. "येवढंच उरलं. भीमराजची चूक न्हाई, कुणाची न्हाई. रॅम मीच लई ताणली होती, आन बांधलेलं सोडून बघितलं न्हाई. तुमचा आवाज मीच घालवला."

सांगितलं आणि मान खाली घालून बसला. अप्पांच्या तोंडाकडं बघायची छाती झाली नाही. कान मात्र देऊन होता. शिवी येईल, नाव घेऊन हाक येईल, लहानपणी चुकल्यावर यायचं तसं काहीतरी येईल. खताच्या दुकानात कुणी पोती टाकत होतं, ते ऐकू आलं. बस सुटल्याचं ऐकू आलं. अप्पांचं काहीच आलं नाही.

मग एकदम त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं झटक्यानं मान वर केली. अप्पांचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत असावेत, कारण बोलणं संपत आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा सैल पडला होता. शेवटचा एखादा शब्द असेल तो. मग ओठ मिटले.

"अप्पा, परत म्हणा," सुगत म्हणाला. "मी बघितलं न्हाई."

अप्पांनी हात हलवला, जाऊ दे. स्टुलावरून उठले, त्याच्या खांद्याला धरून त्यालाही उठवलं, आणि चहाला चल अशी खूण करून मागच्या दारानं घरात गेले.