तिच्या घराचा नकाशा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एके वर्षी फिनलंडमधल्या विद्यापीठाचा एक वर्ग यायला लागला. यायला म्हणजे पडद्यावर. भूगोलाच्या सरांची कुठल्याशा परिषदेत तिथल्या प्राध्यापक बाईंशी ओळख झाली होती, आणि दोन्हीकडच्या मुलांनी ईमेलवर आणि कॅमेऱ्यासमोर मिळून अभ्यास करायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत धड चालणारा कॅमेरा एकच. त्यासमोर आम्ही लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे दाटीवाटीनं बसायचो. विषय होता 'घर'.

तिकडच्या बाईंनी काम दिलं. नकाशा काढायचा, पण स्वतःच्या घराचा नाही, वर्गातल्या सोबत्याच्या घराचा. आधी आठवणीतून काढायचा, मग त्या घरी जाऊन राहिलेलं भरायचं. फिनलंडचा एकेक विद्यार्थी आमच्या एकेका जोडीला प्रश्न विचारणार होता. मी आणि माझी मैत्रीण अकरावीपासून एका बाकावर बसायचो. ती टोकावड्याच्या बाजूची, शेतकऱ्याघरची. आमची जोडी लावायला कुणाला विचारावंही लागलं नाही.

तिनं आमचं घर बघता बघता काढून टाकलं. बौद्धवाड्यातल्या आमच्या दोन खोल्या, त्यांच्यामध्ये दारसुद्धा नाही. चूल, मांडणीवरचे डबे, भाकरी थापताना आई बसते तो पाट, बुद्धाच्या तसबिरीखालचा कोनाडा, सगळं तिनं जागच्या जागी दाखवलं होतं. आमचं घर तिला पाठ होतं. फक्त त्या घरातलं ती कधी काही खायची नाही. ती आली की तिचा उपास असायचा. सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. चहा पुढं केला की पित्त. आमच्याकडे उपास कुणी करत नाही, पण लोकांच्या उपासाला काय चालतं ते आईला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तिनं एकदा केळं दिलं. मैत्रिणीनं ते पिशवीत टाकलं, घरी खाईन म्हणाली. ती गेल्यावर आई म्हणाली, "लय देवभोळी हाय गो तुजी मैत्रीण," आणि तिच्यासाठी केलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

मग मी तिचं घर काढायला घेतलं. अंगण, तुळस, गोठा, ओटी, ओटीवरचा झोपाळा. ओटीवरून आत जायचं दार काढलं, त्यावरचा फुलाफुलांचा पडदा काढला, आणि पेन्सिल थांबली. इतक्या वर्षांत पडद्यापलीकडे मी गेलेच नव्हते. अर्धा कागद कोरा राहिला. माझा चहा ओटीवरच यायचा, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. घरच्यांना कप असायचे. तो ग्लास मी पाहुणीचा मान समजत होते, असं म्हटलं तर खोटं होईल. कळत होतं. पण कळणं निराळं आणि कागदावर तेवढं कोरं दिसणं निराळं.

अर्धा नकाशा तसाच पाठवला, आणि आमच्या जोडीला मिळालेल्या फिनलंडच्या मुलाचा ईमेल आला. नकाशा छान आहे, पण हे लोक स्वयंपाक कुठं करतात? धुरामुळे चूल बाहेर वेगळ्या खोपटात असते का? बिचाऱ्यानं भूगोलातलं कारण शोधलं होतं. मैत्रिणीनं माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि म्हणाली, रविवारी ये घरी.

ती मला आत नेणार, असंच मी धरून चालले. आईनं माझा चांगला ड्रेस धुऊन दिला. रविवारी तिची आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला झोपाळ्यावर बसवलं, वर्गाची चौकशी केली. चहा आला, त्याच ग्लासात. चहा संपवून मी कागद काढला आणि म्हटलं, स्वयंपाकघर बघायचं होतं, तेवढंच राहिलंय. तिची आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, आत पसारा आहे. मग थोड्या वेळानं म्हणाली, आत देव पण आहेत.

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती लालबुंद झाली होती. तिनं माझ्या हातातून कागद घेतला.

"दे गो, मीच काढून देतय," ती म्हणाली, आणि पडद्याआड गेली.

मी झोपाळ्यावर बसून राहिले. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, पण परक्या ओटीवर रडायचं कसं? बऱ्याच वेळानं ती कागद घेऊन आली. तिनं जीव ओतून काढलं होतं. चूल, गॅस, देव्हारा, कणगी, हंड्यांची उतरंड, खिडकीतून दिसणारं शेवग्याचं झाडसुद्धा. माझ्यासाठी एवढं करायची तिची तयारी होती.

नकाशा सरांना फार आवडला. त्यांनी तो स्कॅन करून पाठवला. पुढच्या तासाला पडद्यावरच्या मुलानं मला विचारलं, तू गेलीस त्या दिवशी तिथं काय शिजत होतं? माझं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, म्हणून आमची उत्तरं सर सांगायचे. मैत्रीण शेजारीच होती. तिनं बाकाखाली माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला.

"सर, मला नाय माहीत," मी म्हटलं. "मी आत गेलेच नाय. मला नेलं नाय."

सर वाईट माणूस नव्हते. पण पाहुण्यांसमोर झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं त्यांना वाटलं असावं. कॅमेऱ्याकडे वळून हसत ते इंग्रजीत म्हणाले, ती विसरली म्हणते. तेवढं इंग्रजी मला येत होतं. तो मुलगाही हसला, मीसुद्धा सगळं विसरतो म्हणाला, आणि तिकडचा सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला.

परीक्षेपर्यंत आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो. नोट्सपुरतं बोलायचो. आमच्या घरी ती परत आली नाही, आणि आईनंही कधी विचारलं नाही. तो नकाशा वर्ष संपेपर्यंत नोटीस बोर्डावर होता. येणारेजाणारे थांबून बघायचे, स्वयंपाकघराचं कौतुक करायचे. खाली काढणारीचं नाव म्हणून माझं नाव होतं.