बी.एड.च्या फेडीचा आहेर

माझ्या बी.एड.ला मामांनी सात हजार चारशे रुपये दिले. डोनेशन पाच हजार, फी नऊशे, आणि नांदेडच्या मेसचे दहा महिन्यांचे पंधराशे. वडील नव्हते, आई मामांच्याच आधारानं राहायची. हे उपकार होते आणि मी ते कधी नाकारले नाहीत. पण उपकारामागचा हिशेब मला उशिरा कळला.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवी खाती, कारकुनांची भरती. माझ्या बरोबरीचा एक जण लागला आणि त्याच्या हातात महिन्याला साडेआठशे येऊ लागले. मलाही मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मामांची लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती; शेतकऱ्यांचा माल ते दलालीवर विकून द्यायचे. ते म्हणाले, "कारकुनाला काय सुट्ट्या असतात? मास्तर हो. दिवाळी न् उन्हाळा मोकळा."

मोकळा कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळीत सोयाबीन नव्हतं तेव्हा, पण मूग-उडीद असायचं, उन्हाळ्यात तूर-हरभऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्या. दोन्ही सुट्ट्यांत मी त्यांच्या गादीवर बसून हिशेब लिहिले. वर्षाला दोन महिने, दहा वर्षं. त्यांचा मुनीम महिना पाचशे घ्यायचा. मला दुपारचं जेवण होतं.

नोकरी लागली ती लोह्याकडच्या एका विनाअनुदानित शाळेत, महिना तीनशेवर. लागलो आणि दुष्काळ पडला. माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप रोजगार हमीवर खडी फोडायचे. महिना भरला तर त्यांना माझ्यापेक्षा बारा रुपये जास्त मिळत. अनुदान यायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत कारकुनापेक्षा मी एकोणचाळीस हजार सहाशे रुपये कमी कमावले. पुढं वेतन आयोग आले आणि ही तूट भरून निघाली, हेही लिहिलं पाहिजे. पदवी तोट्यात गेली असं मी म्हणणार नाही. माझा राग पदवीवर नाही.

राग मामांवर आहे. अनुदान आल्यावर मी तीनदा पैसे घेऊन गेलो. तिन्हीदा त्यांनी माझ्या हाताची मूठ मिटवली. "ठीव रे. तू काय परका हाईस का?" आणि त्याच दिवशी गादीवर बसलेल्या शेतकऱ्याला सांगितलं, "हा भाचा. माझ्या पैशावर मास्तर झाला." बारशात सांगितलं, तेराव्यात सांगितलं. माझी सोयरीक ठरत होती तेव्हा मुलीच्या बापासमोर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, फक्त माझं देणं हाय डोक्यावर." त्यांना पैसे नको होते, देणं हवं होतं. देणं असेपर्यंत मी सुट्टीत येणार होतो.

मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडं मांडवात आहेर माईकवर पुकारतात, आणि पुकारलेला आहेर नाकारता येत नाही. मी दहा वर्षांचं व्याज महिना शेकडा एक रुपयानं, सरळव्याज, काढलं. आठ हजार आठशे ऐंशी. सुट्ट्यांची मजुरी मुद्दाम वजा केली नाही. आकड्यावरून वाद घालायला त्यांना जागा नको होती. वर आहेराचा एक रुपया. सोळा हजार दोनशे एक्याऐंशी.

माईकवर मुनीमच होता. मी त्याला सांगितलं कसं पुकारायचं. त्यानं एकदा मामांकडं पाहिलं.

"मास्तर, असं पुकारत असतेत का कुठं?"

"पैसे मोजून घेतले का? मग पुकारा."

त्यानं पुकारलं. "भाच्याकडून आहेर. बी.एड.ची मुद्दल सात हजार चारशे, व्याज आठ हजार आठशे ऐंशी, वर एक रुपया." मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, पावती द्या की," आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मामा माझ्याजवळ आले. हसत होते, पण कान लाल झाले होते. "लेकीच्या लग्नात ह्ये काय करून राहिलास रे?"

"आहेर हाय मामा."

"हाव. आहेर हाय न्हवं? मंग मी बी फेडीन."

तिथं माझी चूक माझ्या लक्षात आली. आहेर परत करायचा असतो, तेवढाच किंवा थोडा वाढवून. ते पैसे त्यांनी माझ्या मांडवात माईकवर परत केले की माझं बी.एड. पुन्हा त्यांच्या पैशाचं होणार होतं.

त्या दिवसापासून सुट्टीत मी मोंढ्यात गेलो नाही. आणि घरात मांडव पडू दिला नाही. मुलीचं बारसं पाच माणसांत उरकलं. नांदेडला घर बांधलं, वास्तुशांतीला भटजी आणि आम्ही तिघं. बायकोला वाटायचं मी चिकट आहे. पण एकुलत्या एका मुलीचं लग्न कसं लपवणार?

लग्न ठरलं त्या वर्षी पुन्हा दुष्काळ होता. पत्रिकेत खाली मी एक ओळ छापली: दुष्काळाची परिस्थिती लक्षात घेता आहेर स्वीकारले जाणार नाहीत.

बायकोनं कच्ची पत्रिका वाचून टेबलावर आपटली. "पंचवीस वर्षं लोकांच्या लग्नात वाटलं ते परत कोण देणार? तुमचे मामा?"

"साठ हजारांच्या आसपास जाईल," मी म्हणालो. हिशेब आधीच केला होता.

"एका म्हाताऱ्यापायी?"

"हाव."

सोयऱ्यांनी माझं कौतुक केलं. मास्तरांनी चांगला पायंडा पाडला म्हणाले. मी ऐकून घेतलं.

मामा आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हातात काठी, नेहरू शर्टाच्या खिशात फुगलेलं पाकीट. आधी माईक शोधला, माईक नव्हता. मग स्टेजवर जाऊन पाकीट मुलीपुढं धरलं. तिला मी शिकवून ठेवलं होतं. तिनं हात जोडले आणि वाकून पाया पडली.

ते माझ्याकडं आले. "घे की रे. माझ्या जिवाला घोर हाय ह्याचा. वीस हजार हाईत, वाढवून."

"पत्रिका वाचली न्हाई का मामा?"

"आपल्यात कसली पत्रिका?"

"सगळ्यांना एकच नियम. जेवून घ्या."

मी त्यांना पंगतीत बसवलं आणि स्वतः बुंदी वाढली. दोनदा वाढली. त्यांनी मान खाली घालून खाल्ली.

अजूनही ते निरोप पाठवतात, काही कार्यक्रम निघाला तर कळव म्हणून. प्रकृती बरी नाही म्हणतात. मला वाईट वाटत नाही. मुलगी सासरी सुखात आहे, आणि माझ्या घरात लग्नाचं आता कुणी उरलेलं नाही.